बरोबर

निपाणीत जुन्या वखारीच्या माळ्यावर
विडी कामगार बायकांच्या पतसंस्थेचा सर्व्हर आहे,
टॉवेलाखाली.
भिंतींतून अजून तंबाखू येतो.
पहिल्या दिवशी मी सतरा वेळा शिंकले,
दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं.

काम एवढंच होतं:
एक वही कानडीतली, एक मराठीतली,
दोन्ही आता तक्त्यांत भरलेल्या.
बायका तीन हजार आहेत की सहा हजार,
ते शोधून द्यायचं.

विचारलं, हे नाव बरोबर ते नाव?
उत्तर आलं: शून्य ओळी.

मी वापरते ती लायब्ररी
ओळींची माणसं करते
आणि माणसांच्या परत ओळी.
तिला चिन्हं मोजकीच ठाऊक:
बरोबर, पेक्षा मोठं, पेक्षा लहान,
अमक्यानं सुरू होणारं.
तिच्या लेखी यल्लव्वा आणि यल्लूबाई
एकमेकींना ओळखत नव्हत्या.

"काय करायलीस गं मघाधरनं?"
सचिव बाळगोंडा मगदूम चष्मा कपाळावर ढकलून आले.
"ही व्हय? ही आमच्या गल्लीतली.
बँकेत यल्लूबाई, रेशनला एल्लवा,
आणि नवऱ्याला नुसतंच, ऐकलं का."

तर मग नवं चिन्ह हवं.
लायब्ररी नाही म्हणत नाही,
फक्त वर्ग लिहून दे म्हणते, आणि नोंदव.
डावी बाजू तुझ्याकडे येईल, उजवी येईल,
खाली डेटाबेसला त्याच्या भाषेत काय सांगायचं
ते तू ठरव.

हे काम मी पूर्वी केलंय.
चिकोडीच्या कचेरीत अर्ज कानडी, वडील मराठी,
मधे मी, सात वर्षांची,
दोन्हीकडे थोडं थोडं खोटं सांगत.

तर अकरा ओळी लिहिल्या.
नावामागची अव्वा काढ, बाई काढ, अक्का काढ,
ल आणि ळ एका पाटावर बसव,
ए आला तर य समज,
ऱ्हस्वदीर्घाचा हट्ट धरू नकोस.
जे उरेल, त्यानं पलीकडचं नाव सुरू होतं का बघ.
चिन्हाचं नाव ठेवलं: तीच.

प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी,
नव्वद लाख भेटी.
पंखा गरगरला, मगदूम चहा सांगून आले,
आणि निकालात
चारशे बारा नंबरची एक बाई
सगळ्याच बायका निघाली.

उघडून पाहिलं.
अक्काबाई.
आडनावाचा रकाना कोरा.
अक्का काढली, बाई काढली,
काहीच उरलं नाही,
आणि काहीच नाही ते
सगळ्यांच्या सुरुवातीला असतंच.

बारावी ओळ घातली:
काढून काढून नाव संपत असेल
तर हात लावू नकोस.

तरीही हो-नाही मी त्याच्यावर सोडलं नाही.
यादी छापली, मगदूमांपुढे ठेवली.
लाल पेन फिरत गेलं:
"ही तीच. ही तीच.
ह्या दोघी जावा-जावा, निराळ्या.
ही वारली, पण हिचं येणं हाय, ऱ्हाऊ दे."
दोन पानं झाल्यावर म्हणाले, बरोबर.
म्हणजे दोन्ही समान,
की चूक नाही,
की मी आहे तुझ्यासोबत,
विचारलं नाही.
शाळेत त्या दोन आडव्या रेघांना
आम्ही हेच नाव दिलं होतं
आणि कुणाला अडचण आली नव्हती.

सर्व्हरवर टॉवेल टाकला.
खाली खिडकीपाशी कुणीतरी
पन्नासाची नोट आणि पासबुक पुढे करत होतं,
नखं तंबाखूनं पिवळी.
पोरानं विचारलं, पूर्ण नाव?

"अक्काबाई," ती म्हणाली.
"पूर्णच हाय ते."